एकाच प्रतीचे वर्तमानपत्र

रसग्रहण म्हटले की समोर कविता ठेवायची, फार तर एखादी कथा, अशी आपल्याकडे रीत आहे. शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावरची सूचना, वर्गशिक्षकाने शनिवारी पालकांना पाठवलेला आठवड्याचा आढावा, वसतिगृह सांभाळणाऱ्या मास्तरांनी मुलांसाठी लिहिलेला कागद यांच्याकडे साहित्य म्हणून कोणी पाहत नाही. वाचायचे, सही करायची आणि विसरायचे. पण मराठीत घरोघर वाचल्या गेलेल्या एका लेखकाचा हात अशाच कागदावर बसला, आणि तो कागद आपल्या खानदेशात, अमळनेरला लिहिला जात होता. तेव्हा एकदा त्या कागदाकडे कवितेकडे पाहतो तसे पाहायला हरकत नाही.

त्या कागदाचे नाव ‘छात्रालय दैनिक’. लिहिणारे पांडुरंग सदाशिव साने. कोकणातल्या पालगडचा हा तरुण तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आला. गिरणीमालक प्रतापशेठांच्या देणगीतून १९१६ साली उभी राहिलेली ही संस्था. आजूबाजूला गिरणीचे गाव, बोरी नदी, सखाराम महाराजांची वाडी. ब्रह्म आणि माया यांच्या चर्चेत त्याचे मन रमले नाही. १९२४ साली तो तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला, पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेण्यासाठी त्याने नोकरी सोडली. शिक्षक म्हणून मिळालेली वर्षे एवढीच, सहा. उरलेले आयुष्य तुरुंग, सभा, संप, उपोषणे आणि लेखन यांत गेले, तरी महाराष्ट्राने त्याला ‘गुरुजी’ म्हणायचे सोडले नाही.

छात्रालय दैनिक छापले जात नसे. मुले झोपल्यावर गुरुजींनी ते हाताने लिहायचे आणि सकाळी मुलांनी वाचायचे. त्यात बातम्या असत, थोरांच्या चरित्रातले प्रसंग असत, विचार असत, कविता असत, आणि छात्रालयातल्या रोजच्या जगण्याबद्दलही लिहिलेले असे. संपादक, वार्ताहर, लेखनिक सगळे एकच. वर्गणी नाही, जाहिरात नाही, टपाल नाही.

रसग्रहण करायचे तर पहिला प्रश्न विचारावा लागतो तो वाचकाचा. कोण होते हे वाचक? पूर्व खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली शाळकरी मुले. घर पहिल्यांदा सुटलेले. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि वरच्या वर्गांत इंग्रजी. जेवणाची चव वेगळी, अंघोळीची वेळ ठरलेली, दिवा मालवायची वेळही ठरलेली. अशा मुलाला सकाळी उठल्यावर कोणीतरी आपल्यासाठी लिहून ठेवलेले वाचायला मिळते. आदल्या रात्रीपर्यंत ते नव्हते, आणि ते दुसऱ्या कुठल्याही गावात मिळणार नाही. मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रे अमळनेरला शिळी होऊन यायची. हे मात्र ताजे, तिथलेच. पोरांना त्याचे अप्रूप वाटले नसते तरच नवल.

दुसरा प्रश्न प्रतीचा. हाताने लिहिलेल्या दैनिकाची प्रत एकच. छापील अंक घरी न्यायचा, एकट्याने वाचायचा. इथे प्रतीपाशी जावे लागते, आणि तिथे आधीच दोघेतिघे उभे असतात. एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा त्याला मधेच थांबवतो, उंच मुलगा मागून डोकावतो. वाचन आपोआप सामुदायिक होते. जे लिहिले ते सगळ्यांनी एका वेळी वाचलेले असते, त्यामुळे दिवसभर त्याच्यावर बोलता येते. साक्षरतेची आणि वाचनसंस्कृतीची आज एवढी शिबिरे भरतात. त्यांना जे साधायचे असते ते त्या छात्रालयात एका कागदाच्या टंचाईने साधत होते, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या लेखकाला त्याचा वाचक रोज दिसतो. पुस्तकाच्या लेखकाला वाचकाचा चेहरा कधी दिसत नाही. वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्रे येतात, तीही निवडक. इथे सकाळी लिहिलेले वाचले जाते आणि अकरा वाजता तोच वाचक लेखकासमोर बाकावर बसलेला असतो. कुठले वाक्य लागले, कुठले डोक्यावरून गेले, कोणता टोमणा जास्त झाला, हे त्याच्या तोंडावर लिहिलेले असते, आणि रात्री पुन्हा लिहायला बसायचे असते. इतक्या जवळचा आणि इतका निर्दय परीक्षक फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येतो. शब्द अवघड पडला तर उद्या सोपा करायचा. उपदेश जड झाला तर उद्या गोष्ट सांगायची. गुरुजींची भाषा सोपी आहे हे आपण सगळेच म्हणतो, पण त्या सोपेपणाचे श्रेय त्यांच्या स्वभावाला देऊन मोकळे होतो. स्वभाव होताच, शिवाय रोजची परीक्षाही होती.

साने गुरुजींच्या गद्यावर जुना आक्षेप आहे. ते हळवे आहे, त्यात पुनरुक्ती फार, उद्गारचिन्हे फार, वाक्ये तुटक, एकच भाव चार-चार वाक्यांत घोळवलेला. आक्षेप खरा आहे. ‘श्यामची आई’ मोठेपणी सलग वाचायला घेतली तर दोन-तीन प्रकरणांनंतर थकायला होते, हे मान्य करायला लाजू नये. पण हे गद्य सलग वाचण्यासाठी घडलेलेच नाही. ते रोज थोडे, उभ्याने, घोळक्यात, मोठ्याने वाचण्यासाठी घडलेले आहे. मोठ्याने वाचताना छोटे वाक्य श्वासात मावते. मागे उभ्या असलेल्या मुलाला पहिल्यांदा नीट ऐकू आले नाही तर दुसऱ्या वाक्यात तेच पुन्हा कानावर पडते. उद्गारचिन्ह वाचणाऱ्याला आवाज कुठे चढवायचा ते सांगते. एकांतात दोष वाटणारी ही लकब घोळक्यात उपयोगी पडते. नाटकाच्या संहितेला आपण कादंबरीचे निकष लावत नाही. गुरुजींच्या गद्यालाही त्याच्या मूळ जागेचे निकष लावावेत.

याचा पुरावा ‘श्यामची आई’तच आहे. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला, गुरुवारी, गुरुजींनी हे पुस्तक लिहायला घेतले आणि सोमवारी, १३ तारखेला, तुरुंगातले लेखन संपवले. पाच दिवसांत पुस्तकाचा बहुतेक भाग उतरला. लोक या वेगाचे वर्णन चमत्कार म्हणून करतात. छात्रालयात रात्रीमागून रात्र ज्याने सकाळच्या आत मजकूर पुरा केला, त्याला हा वेग नवा नव्हता. आता पुस्तकाची मांडणी पाहा. प्रकरणांना ‘प्रकरण’ म्हटलेले नाही. ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशा बेचाळीस रात्री आहेत. आश्रमात सायंकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. रोज एक. रात्री. ओळखीच्या, मोजक्या, तरुण श्रोत्यांना. अमळनेरच्या छात्रालयातला लेखक आणि वाचक यांचा संबंध इथे जसाच्या तसा उचलून पुस्तकात ठेवला आहे. फक्त लेखणीच्या जागी तोंड आले.

बहुतेक वाचक या रात्रींच्या सुरुवातीच्या ओळी ओलांडून पुढे जातात. लहानपणी मीही जात असे, कारण आईची गोष्ट कधी सुरू होते याची घाई असे. पण छात्रालय दैनिकाचा शोध घ्यायचा तर तो याच ओळींत घ्यावा लागतो. गोष्ट सुरू होण्यापूर्वी तिथे आश्रमातल्या बारीकसारीक गोष्टी येतात. गोविंदा, राम, भिवा, राजा ही मंडळी आपसांत बोलतात. कोणाची वाट पाहायची, आज सुरुवात करायची का, गावातले कोण ऐकायला येऊन बसले आहे, असले बोलणे चालते. कथेच्या दृष्टीने यातले काहीही आवश्यक नाही. कडक संपादकाने पहिल्या फटक्यात ते कापले असते. पण ही हजेरी आहे. शिक्षकाच्या लेखनाची सुरुवात हजेरीने होते: कोण आले, कोण आले नाही, कोणाचे काय चालले आहे. आधी तुम्ही सगळे मला दिसता आहात हे सांगायचे आणि मग शिकवायचे ते शिकवायचे. त्या चार-सहा ओळींमुळेच पुढची आठवण कोणाला तरी सांगितलेली राहते, हवेत बोललेली होत नाही.

आता एकच रात्र जरा जवळून पाहू. ‘अळणी भाजी’. घडते ते एवढेच की आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवायला बसतात, भाजी खातात आणि मिठाचे नाव काढत नाहीत. वडील बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. सगळ्यांचे झाल्यावर आई जेवायला बसते तेव्हा पहिल्या घासाला तिला कळते. तिला वाईट वाटते: आपण अशी भाजी वाढली आणि कोणी सांगितलेही नाही. शेवटी श्यामला प्रश्न पडतो की कोण मोठे? निमूटपणे खाणारे वडील, की आपल्या हातून चूक झाली म्हणून हळहळणारी आई?

संपूर्ण गोष्टीत एकही घटना नाही म्हटले तरी चालेल. तरी ती लक्षात राहते, कारण चूक कशी हाताळायची याचा एक पूर्ण नमुना तिच्यात आहे. वडील चूक दाखवत नाहीत. मुले पाहून शिकतात. चुकणाऱ्याला स्वतःलाच चूक कळते आणि ती कळताना चारचौघांत मान खाली घालावी लागत नाही. छात्रालयात गुरुजींची वागण्याची पद्धत हीच होती. चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे की मुलांची पसरलेली अंथरुणे ते स्वतः आवरून ठेवत, मळलेले कपडे धुऊन टाकत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. कोणाला बोलत नसत. परत आलेल्या मुलाला आपली आवरलेली वळकटी दिसली की पुढचे त्याचे तो पाहून घेई. त्या वळकटीजवळून ‘अळणी भाजी’पर्यंत यायला फार लांब जावे लागत नाही. गोष्टीतले घर पालगडचे आहे, पण तिच्यातली शिकवण्याची रीत अमळनेरच्या छात्रालयात पारखून घेतलेली आहे.

गुरुजी नुसतेच मवाळ होते असाही समज नको. ‘श्यामचे पोहणे’ या रात्रीत पाण्याला भिऊन घरात लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारून विहिरीकडे हाकलते. मार खाऊन गेलेला पोरगा पोहून परत येतो. मऊपणा कुठे हवा आणि शिंपटी कुठे, हा निवाडा ज्याला करता येतो त्यालाच मुलांसाठी लिहिता येते. मनाला जपायचे असते, भीतीला नाही.

दैनिकानंतर १९२८ साली गुरुजींनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. आता वाचक छात्रालयाबाहेरचा होता आणि अंक छापील होता. त्याच्याबद्दल मी भराभर पुढे जातो, कारण छापले की काही गोष्टी मिळतात तशा काही जातात. वाचक वाढतो आणि त्याचा चेहरा दिसेनासा होतो.

मात्र धुळ्याला थांबायला हवे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात एक विलक्षण आठवडी वर्ग भरला. विनोबा भावे राजबंद्यांपुढे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारीला आणि शेवटचे १९ जूनला. अठरा रविवार, अठरा अध्याय, एकही खाडा नाही. समोर बसून लिहून घेणारे होते साने गुरुजी. विनोबांनी ही प्रवचने कागदावरून वाचली नव्हती. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून जे पुस्तक भारतभरच्या भाषांत वाचले जाते, त्याचा पहिला कागद धुळ्याच्या तुरुंगात गुरुजींच्या हातचा आहे.

या पुस्तकाचे देखील आठवडी वर्ग म्हणूनच वाचन करून पाहावे. प्रवचनांसोबत रविवारची तारीख आहे. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात तारखेला काय अर्थ, असे एखादा पंडित विचारील. पण ती तारीख काढली तर पुस्तक पोथी होते; ती ठेवली की वर्ग होतो. विनोबा पुष्कळदा मागच्या वेळी आपण कुठवर आलो होतो ते सांगून सुरुवात करतात, मग पुढचा विषय हाती घेतात. मधे सहा दिवस गेलेले आहेत, श्रोत्यांनी त्या दिवसांत दळण दळले आहे, सूत काढले आहे, मागचे थोडे विसरलेही आहे, हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे. उदाहरणे स्वयंपाकातली, शेतातली, आईची. उत्तम शिक्षक आठवड्याच्या सुरुवातीला जे करतो तेच हे. आणि लिहून घेणाऱ्यानेही ते ‘मागच्या वेळी’ गाळले नाही. ते फालतू समजून गाळले असते तर मजकूर आटोपशीर झाला असता आणि त्यातली माणसे उठून गेली असती. नेमके काय गाळू नये हे कळायला आधी स्वतः वर्ग चालवलेला असावा लागतो. म्हणून मला नेहमी वाटते, विनोबांना धुळ्यात नुसता लघुलेखक मिळाला असता तर ‘गीता प्रवचने’ आज आहेत तशी झाली नसती. त्यांना एक मास्तर मिळाला, जो त्या अठरा रविवारी विद्यार्थी होऊन बसला.

पुढे अमळनेरहून १९३८ साली ‘काँग्रेस’ साप्ताहिक निघाले. शेतकरी आणि गिरणी कामगार हे त्याचे वाचक. १५ ऑगस्ट १९४८ ला मुंबईत ‘साधना’ सुरू झाले. ‘साधना’तूनच गुरुजींनी पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे येत, ती ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकरूपात आहेत. त्यांत प्रवास आहे, झाडे-फुले आहेत, पाऊस आहे, देशोदेशीच्या घडामोडी आहेत, मधेच एखाद्या पुस्तकाची ओळख आहे. नाव एका मुलीचे, वाचणारी मुले महाराष्ट्रभरची. छापील साप्ताहिकात वाचकाचा चेहरा हरवतो, ही अडचण गुरुजींनी अशी सोडवली: एक चेहरा पक्का धरायचा आणि त्याच्याशी बोलायचे. अमळनेरला सगळे छात्रालय समोर होते. इथे एक सुधा पुरली. छात्रालय दैनिकाचा हा शेवटचा अवतार. १९५० च्या जूनमध्ये गुरुजी गेले.

आता आजच्या कागदाकडे यावे. कागद राहिला नाही म्हणा. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. करोनात शाळा बंद झाल्या तेव्हा राज्याच्या शिक्षण विभागाने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत रोजची अभ्यासमाला याच वाटेने पाठवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘स्वाध्याय’ हा दर आठवड्याच्या प्रश्नांचा उपक्रम आला. शाळा उघडल्या तरी गट राहिले. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत शनिवारी सकाळची शाळा सुटली की संदेश पडतो: या आठवड्यात काय झाले, सोमवारी काय आणायचे, कोणती पाने लिहायची. गुरुजींच्या दैनिकाचा हा दूरचा वंशज. त्याच्याकडे तोऱ्याने पाहू नये. त्याचेही रसग्रहण व्हायला हवे आणि ते जरा कठोर व्हायला हवे.

पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: सर्व पालकांना कळविण्यात येते की. कोण कळवते आहे? कोणीच नाही. वाक्यातून कळवणारा माणूस निघून गेलेला आहे. ही कचेरीची भाषा, परिपत्रकातून शाळेत आलेली. त्यानंतर सूचना, त्यानंतर मुलांचे फोटो, फोटोत फळ्यावर उपक्रमाचे नाव आणि दिनांक. फोटो कोणासाठी आहे? आईसाठी असता तर तिच्या पोराचा चेहरा जवळून दिसला असता. फलक स्पष्ट आणि मुले पुसट दिसतात, कारण फोटो वर पाठवायचा आहे. केंद्रप्रमुख, तिथून तालुक्याला गटशिक्षणाधिकारी. आजच्या शिक्षकाच्या आठवड्याच्या संदेशाचा खरा वाचक बऱ्याचदा गटाबाहेर बसलेला असतो. पालकांच्या वाट्याला त्याची नक्कल येते. छात्रालय दैनिकाला वरचा वाचक नव्हता, हे त्याचे सर्वांत मोठे भाग्य.

यात शिक्षकाचा दोष मी धरत नाही. पटाची माहिती, पोषण आहाराची नोंद, सर्वेक्षण, निवडणुकीचे काम, आज मागितलेली आणि आजच हवी असलेली माहिती, हे सगळे भरून झाल्यावर ज्याच्या हातात फोन उरतो त्याच्याकडून ललित गद्याची अपेक्षा कोण करील? पण अपेक्षा ललित गद्याची नाहीच. एका ओळीची आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत पटावरची अर्धी मुले शेतात असतात. तेव्हा उपस्थिती समाधानकारक नसल्याचे कळवणारा संदेश आणि वेचणी चालू आहे हे मला दिसते आहे, पण तिसरीची पोरे निदान दुपारपर्यंत तरी पाठवा, असे म्हणणारा संदेश, यांत अंतर आहे. दुसऱ्या संदेशात लिहिणारा गावात उभा आहे. त्याने शेत पाहिले आहे. त्या आईलाही कळते की हा माणूस आपल्याला ओळखतो; आणि ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे खानदेशात अजून तरी जड जाते.

आजच्या या वंशजाकडे मात्र एक गोष्ट अशी आहे, जी गुरुजींच्या दैनिकापाशी नव्हती, आणि ती लहान नाही. छात्रालय दैनिक मुलांसाठी होते. मुलींसाठी नव्हते आणि घरी राहिलेल्या आईबापांसाठीही नव्हते. त्याच काळात, त्याच जिल्ह्यात बहिणाबाई चौधरी जळगावला शेतीत राबत होत्या आणि ओव्या रचत होत्या. त्यांना अक्षर वाचता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी लिहून ठेवले म्हणून त्यांचे शब्द १९५२ साली छापले गेले. त्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या होत्या. तशा आईपर्यंत गुरुजींचा हस्तलिखित कागद कितीही सुंदर असला तरी पोहोचला नसता. आज मास्तरांचा आवाज पोहोचतो. न वाचणारी आजी ध्वनिसंदेश ऐकते, पुन्हा ऐकते, नातवाला विचारते. शिरपूरकडच्या पाड्यावर पावरी बोलीत, साक्रीकडे अहिराणीत किंवा भिली बोलीत तो ऐकू आला तर त्याची किंमत छापील सूचनेच्या शंभरपट. जे शिक्षक आठवड्याचे दोन शब्द मुलांच्या घरच्या बोलीत बोलून पाठवतात, ते गुरुजींच्या एक पाऊल पुढे गेले आहेत, असे म्हणायला मी कचरत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले. ग्रंथदिंडी निघाली, परिसंवाद झाले, गुरुजींच्या नावाचा गजर झाला. शिक्षकाच्या रोजच्या लेखनावर एखादा परिसंवाद ठेवायला त्याच्याहून योग्य गाव सापडले नसते. तो पुढे कधी तरी व्हावा. दरम्यान, ज्यांचे आजोबा-पणजोबा १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कुलाच्या छात्रालयात राहिले होते अशी घरे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत असतील. त्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या वह्यांत छात्रालय दैनिकातले काही उतरवून घेतलेले सापडले, ‘विद्यार्थी’चा सुटा अंक सापडला, तर तो रद्दीत घालू नका. अमळनेरच्या वाचनालयाकडे किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे नेऊन द्या.